देवीच्या लसीचं सगळं श्रेय एकट्या जेन्नरला का?

तांबडी_माती

एडवर्ड जेन्नर म्हणजे लसीकरणाचा जनक, हे आपण शाळेपासून घोकत आलोय. १४ मे १७९६ रोजी त्याने जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीचा स्राव टोचला, पुढे त्याला खऱ्या देवी टोचल्या, त्या उठल्या नाहीत, आणि जेन्नर अमर झाला.

माझा आक्षेप असा आहे. गाईची देवी अंगावर उठून गेली की माणसाच्या देवी येत नाहीत, हे इंग्लंडातल्या गवळणींना आधीच ठाऊक होतं. बेंजामिन जेस्टी नावाच्या डॉर्सेटमधल्या शेतकऱ्याने तर जेन्नरच्या बावीस वर्षं आधी, १७७४ सालीच, बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या सडावरच्या फोडातला स्राव टोचला होता. त्याच्याआधी लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज बाईने तुर्कस्तानातली, माणसाच्याच देवीचा स्राव टोचायची रीत इंग्लंडात आणली होती. मग जेन्नरने नवीन असं केलं काय? माळ्याच्या पोरावर प्रयोग करून पुस्तक छापलं, एवढंच ना?

डॉक्टर नसतो तर एवढं नाव झालं असतं का, हा माझा खरा प्रश्न. जाणकारांनी मत द्यावं.

खवचट_काका

जेन्नरची गाय अंगणात बांधलीत तुम्ही. आता शिंगं सांभाळा. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

डॉ_खडीसाखर

माती, जेस्टीबद्दल तुम्ही बरोबर लिहिलंय. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध राहिला. त्याने टोचायला विणकामाची सुई वापरली. बायकोचा हात असा सुजला की डॉक्टर बोलवावा लागला. गावाने त्याला माणसात जनावर मिसळणारा म्हणून शिव्या घातल्या. त्यानंतर त्याने ही गोष्ट कुठे लिहिली नाही, गावभर टोचत फिरलाही नाही. घरच्यांपुरतं केलं आणि गप्प बसला. धाडस मोठं, पण रोग तसाच राहिला.

जेन्नरचं वेगळेपण फिप्सच्या पुढे सुरू होतं, आणि शाळेच्या पुस्तकात नेमकं तेच नसतं. फिप्सला टोचलेला स्राव सेअरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला होता. १ जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवी टोचल्या, काही झालं नाही. जेन्नरने निबंध रॉयल सोसायटीकडे धाडला, तो साभार परत आला. एका मुलावरून एवढं मोठं विधान करू नका, असा एकंदर सूर. मग आजूबाजूच्या गोठ्यांतली साथच ओसरली, त्यामुळे गाईची देवी पुन्हा दिसेपर्यंत त्याला १७९८पर्यंत थांबावं लागलं.

तेव्हा त्याने जे केलं ते महत्त्वाचं. विल्यम समर्स या साडेपाच वर्षांच्या मुलाला गाईवरून टोचलं. समर्सच्या फोडातून विल्यम पीडला, तिथून पुढे हॅना एक्सेलला, हॅनापासून आणखी मुलांना. म्हणजे गाय एकदाच लागली, पुढे दंडावरून दंडावर लस चालत गेली आणि तिचा जोर टिकला. शेवटच्या टप्प्यातल्या मुलालाही खऱ्या देवी टोचून तपासलं. त्यावर्षी त्याने स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकात एकूण २३ प्रकरणं आहेत. जेस्टीकडे उपाय होता. तो हजार मैलांवर नेता येईल आणि कुणीही पडताळून पाहील, असा जेन्नरने करून दिला.

अनुस्वार

+१ खडीसाखर. काना-मात्राही न बदलता सहमत.

तांबडी_माती

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद आवडला. पण 'खऱ्या देवी टोचून तपासलं' हे वाक्य तुम्ही किती सहज लिहून गेलात! आज एखाद्याने माळ्याच्या मुलाला जिवंत रोग टोचला तर तुम्हीच पहिले तक्रार कराल.

अनुस्वार

आजच्या चष्म्यातून बघितलं तर तसंच दिसणार. पण त्या काळात ऐपतीप्रमाणे मुलांना खऱ्या देवी टोचून घेण्याची रीतच होती. सौम्य येऊन जातील, पुन्हा यायच्या नाहीत, असा हिशेब. आपसूक आलेल्या देवीत शंभरातले वीस-तीस दगावायचे, टोचून घेतलेल्यात एक-दोन. म्हणजे फिप्सला जे टोचलं ते तसंही कुणीतरी टोचलंच असतं. उलट त्याच्या अंगात आधीच संरक्षण होतं.

जेन्नरला स्वतःलाही लहानपणी असंच टोचलं होतं. टोचण्याआधी कित्येक आठवडे उपास, रेच, रक्त काढणं, आणि नंतर तबेल्यात इतर टोचलेल्या पोरांबरोबर बांधल्यासारखं ठेवणं. त्या वैद्यकीचा फटका खाल्लेला मुलगा मोठा होऊन दुसरा मार्ग शोधतो, यात मला आश्चर्य वाटत नाही.

फिप्सला पुढे जेन्नरने राहायला घर दिलं, भाडं न घेता. जेन्नरच्या अंत्ययात्रेलाही तो होता.

रिकामटेकडी

घर दिलं म्हणजे हिशेब मिटला का? त्या पोराच्या आईबापाला 'नाही' म्हणता आलं असतं का, ते सांगा. बागेत राबणारा माणूस डॉक्टरसाहेबांना काय नाही म्हणणार! अनुस्वारचा हिशेब मला पटतो, तरी हा प्रश्न त्या हिशेबात बसत नाही.

सनातन_सत्य

सगळे इंग्रजांचं कौतुक करण्यात दंग आहेत. गाईच्या आचळावरच्या फोडातला स्राव सुरीच्या टोकाने दंडावर टोचावा, असं आपल्याकडे धन्वंतरींच्या नावच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे. जेन्नरच्या शेकडो वर्षं आधी. अभ्यास वाढवा.

पोथीशाळा

या श्लोकांची जन्मकथा मजेदार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हा दावा पहिल्यांदा गाजला तो १८१९ साली, मद्रासच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रातल्या पत्रामुळे. जेन्नरचं पुस्तक निघून तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. मद्रासेत लस घ्यायला लोक कां-कूं करत होते. तेव्हा लस ही परकी नाही, तुमच्याच शास्त्रातली आहे, असं लोकांना पटवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या एलिस नावाच्या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याकडून असे श्लोक रचले गेले, अशी हकिगत त्याच काळातल्या लेखनात आहे. धन्वंतरींच्या नावावरचे ते श्लोक कुठल्याही जुन्या वैद्यकग्रंथात सापडत नाहीत. चरकात नाही, सुश्रुतात नाही, वाग्भटात नाही. म्हणजे इंग्रजाच्या लसीच्या प्रचारासाठी केलेली जाहिरात आज आपण इंग्रजाच्याच तोंडावर फेकतोय.

अभिमानाला जागा आहे, पण ती दुसरीकडे. बंगालात माणसाच्या देवीची टिका टोचण्याची रीत खरोखर होती. कंपनीच्या हॉलवेल नावाच्या माणसाने १७६७ साली तिचं तपशीलवार वर्णन छापलंय. ठरावीक ऋतूत टिकादार घरोघर येत, गेल्या वर्षीच्या फोडातला स्राव कापसात जपून ठेवलेला असे, त्यावर गंगाजल शिंपडून दंडावर जरासं ओरखडून ते बांधत. पथ्य काय, आंघोळ कधी, सगळं ठरलेलं. पण त्यात गाय कुठेच नाही. आणि इंग्रज सरकारने पुढे हीच रीत कायद्याने बंद केली. त्यावर कुणी धागा काढला तर मी पहिली येईन.

खवचट_काका

कुणीतरी सनातन_सत्य यांना इनो द्या रे.

सनातन_सत्य

काका, इनोही परदेशीच आहे. ओवा घेतलाय.

खवचट_काका

हा प्रतिसाद मात्र आवडला. _/\_

चिंचपोकळी_स्लो

मुंबईचा संबंध कुणीच काढला नाही म्हणून सांगतो. हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. मुलीचं नाव अ‍ॅना डस्टहॉल, वय तीन वर्षं.

त्याआधी इंग्लंडाहून समुद्रमार्गे लस आणायचे प्रयत्न फसले होते. आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनोन्‌महिने लागत, वरून विषुववृत्तावरचं ऊन. दोऱ्यावर वाळवलेला स्राव बंदराला लागेपर्यंत निकामी व्हायचा. शेवटी व्हिएन्नाच्या डॉक्टर जाँ द कारोने तो खुष्कीच्या मार्गाने धाडला. इस्तंबूल, मग बगदाद. बगदादेत मुलांना टोचून ताजा स्राव तयार केला, तिथून बसरा, बसऱ्याहून जहाजाने मुंबई. मुंबईत कंपनीचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली बऱ्याच मुलांना टोचलं, पण फोड उठला तो एकट्या अ‍ॅनाच्या दंडावर. तिच्यावरून पुढच्या मुलांना, त्यांच्यावरून आणखी मुलांना, आणि बघता बघता पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. देशभर त्या वर्षी जी लस गेली, तिचा माग त्या एका दंडापाशी जातो.

म्हणजे तो फोड उठला नसता तर पुन्हा बगदादला पत्र धाडा आणि वाट बघा!

शिरीषफूल

ही माहितीच नव्हती. वाचनखूण साठवली.

माझ्या आजीच्या दोन्ही दंडांवर दोन-दोन गोल वण होते, रुपयाएवढे. ती सांगायची, देवी काढणारा गावात शिरला की बायका पोरांना कणगीत नाहीतर माळ्यावर लपवायच्या. त्याच्याकडे चाकासारखं दातेरी यंत्र असायचं. दंडावर लसीचा थेंब टाकायचा, यंत्र त्यावर टेकवायचं आणि बोटांनी गर्रकन फिरवायचं. दुखायचं ते दुखायचंच, पण आठ दिवसांनी फोड पिकून ताप भरला की खरी रडारड. खपली पडेपर्यंत दंडाला कुणी हात लावलेला खपायचा नाही.

बेळगावी_कुंदा

आमच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे. आता लोक तिथे सकाळी फिरायला जातात, कार्यक्रम, मेळावे होतात. पण तो मूळचा देवीची लस तयार करायचा कारखानाच. वासराच्या पोटावरचे केस काढून, धुऊन, तिथे ओरखडे काढून लस पेरायची. चार-पाच दिवसांनी उठलेले फोड खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायचे. ती लस मुंबई इलाख्यात जायची.

दंडावरून दंडावर न्यायची रीत मोडून वासराकडे वळायचं कारणही सांगतो. इटलीत रिव्हाल्ता इथे १८६१ साली एका मुलाच्या फोडातून लस घेताना उपदंशही पसरला, कितीतरी मुलांना लागण झाली. आपल्याकडे आणखी एक अडचण होती. कुठल्या जातीच्या पोराच्या दंडातला स्राव माझ्या पोराच्या अंगात जाणार, म्हणून लोक अडून बसायचे. आणि जिच्या बाळाचा फोड फोडायचा ती आईही तयार नसायची. वासरू आल्यावर हे तंटे कमी झाले.

रिकामटेकडी

म्हणजे वासराने जात विचारली नाही. :फिदी:

माहीमची_मासळी

अवांतर: देवी आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, कढईत तेल तापवायचं नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा, रोग्याला गार दहीभात. आमच्याकडे माहीमला शितळादेवीचं देऊळ आहे, अजूनही कांजिण्या-गोवर झाला की बायका पाणी वाहायला जातात. आईचा कोप आहे, सुई टोचून तो वाढवू नका, अशी लोकांची समजूत. त्याला नुसतं अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. रोग्याला वेगळं ठेवणं, गारवा, पाहुण्यांना बंदी, हे त्या पथ्यात होतंच की.

तिरकी_सुई

विरोध फक्त आपल्याकडे होता असं नाही. इंग्लंडात १८५३ साली बाळांना लस सक्तीची झाली, तसा विरोध पेटला. दंड, जप्ती, तुरुंग. १८८५ साली लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला, त्यात जेन्नरचा पुतळा फाशी दिला. शेवटी १८९८मध्ये ज्याच्या मनाला पटत नाही त्याला सूट द्यावी लागली.

आणि विरोधकांचे सगळेच मुद्दे फालतू नव्हते. जेन्नर म्हणायचा, एकदा टोचलं की जन्मभराची ददात मिटली. तसं नव्हतं, काही वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं. हे मान्य करायला डॉक्टर मंडळींनी फार वेळ लावला. सुरुवातीला लंडनमध्ये वुडव्हिल नावाच्या डॉक्टरने देवीच्याच इस्पितळात बसून लस दिली, त्यात खऱ्या देवी मिसळल्या आणि लोकांच्या अंगभर फोड उठले. घोळ डॉक्टरांनीच घातला, बदनाम लस झाली.

ब्रिस्टलचा_बाळू

इंग्लंडातल्या बर्कली गावात जेन्नरचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे, माझ्या घरापासून फार लांब नाही. बागेत झाडाच्या सालींची, ओबडधोबड लाकडांची एक झोपडी आहे. तिथे बसून तो गावच्या गरिबांना फुकट लस टोचायचा. तो लाडाने तिला लसीचं देऊळ म्हणायचा. आत उभं राहिलो तर डोकं छताला लागेल की काय असं वाटलं. नेल्म्सला जिच्यापासून लागण झाली त्या ब्लॉसम गाईचं कातडं लंडनच्या सेंट जॉर्जेस या वैद्यकीय महाविद्यालयात भिंतीवर लावलंय.

तिथे मला त्याची दुसरी बाजू जास्त भावली. कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्यावरच्या निरीक्षणासाठी त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं, १७८९ साली, लसीच्या आधीच. परक्या घरट्यात अंड्यातून निघालेलं आंधळं पिल्लू दुसऱ्यांची अंडी-पिल्लं पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, आणि त्यासाठी त्याच्या पाठीला काही दिवसांपुरता खळगा असतो, हे त्याने घरट्याशेजारी बसून पाहिलं. लोकांना पटलं नाही. शंभरेक वर्षांनी छायाचित्रांनी खरं ठरवलं.

पिंपळपार

आपल्याकडची कोकिळेची पिल्लं सहसा इतकी दुष्ट नसतात, कावळ्याच्या पिल्लांबरोबर गुण्यागोविंदाने वाढतात.

खवचट_काका

धागा गाईवरून कोकिळेवर आला. आता कुणीतरी बिबट्या आणा.

डॉ_खडीसाखर

बिबट्या नाही, घोडा आणतो. जेन्नरचं मत होतं की हा रोग मुळात घोड्याच्या खुरांवर येतो आणि घोड्याची निगा राखणाऱ्याच्या हातून गाईला लागतो. या मतावर त्याची खूप थट्टा झाली. २०१७ साली १९०२मधल्या एका जुन्या अमेरिकन लसीचा जनुकीय आराखडा तपासला, तर आतला विषाणू घोड्याच्या देवीचा सख्खा शेजारी निघाला. तपशिलात तो चुकलाही असेल, पण घोडा म्हणजे काही वेडगळ कल्पना नव्हती.

तांबडी_माती

वाचतोय सगळं. पैशाचं काय पण? पार्लमेंटने त्याला १८०२मध्ये १०,००० पौंड आणि १८०७मध्ये आणखी २०,००० दिले. जेस्टीला लंडनला बोलावून सोन्याच्या मुठीच्या सुऱ्या, १५ गिनी आणि एक तैलचित्र. याला न्याय म्हणायचं?

अनुस्वार

जेस्टीला बोलावणारी मंडळी जेन्नरच्या विरोधी गोटातली होती, जेन्नरला खाली खेचायला त्यांना एक शेतकरी हवा होता. तेव्हा त्या सुऱ्यांमागेही राजकारणच.

आणि पैसा हवा असता तर जेन्नरकडे सोपा रस्ता होता. लस गुप्त ठेवायची, श्रीमंतांना टोचून फी घ्यायची. देवी टोचणाऱ्या सटन घराण्याने तसंच केलं होतं, पद्धत गुप्त ठेवून बक्कळ कमावलं. जेन्नरने पद्धत छापली, मागेल त्याला स्राव पाठवला, जगभर पत्रं लिहीत बसला. त्यात त्याचा वैद्यकीचा धंदा बुडाला, म्हणूनच तर पार्लमेंटकडे जावं लागलं.

पोथीशाळा

माती, तुमच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १८०३ साली स्पेनच्या राजाने डॉक्टर बाल्मिसला लस घेऊन अमेरिकेकडे धाडलं. लस टिकवायची कशी? तर २२ अनाथ मुलं जहाजावर घेतली. दर काही दिवसांनी आधीच्या मुलांच्या फोडातून पुढच्या दोघांना टोचायचं, दंड बदलत समुद्र ओलांडायचा. सोबत अनाथालयाची इसाबेल सेंदाल होती, पोरांना सांभाळायला. मेक्सिकोहून फिलिपाइन्सला जाताना पुन्हा नवी २६ मुलं. ती पोरं म्हणजे त्या काळातला बर्फाचा डबा.

तांबडी_माती

हे वाचून माझा मूळ प्रश्न थोडा वेगळा मांडतो. जेन्नरने काम केलं, डॉक्टरसाहेबांनी ते नीट समजावलं, सिद्ध करणं आणि पोचवणं यात शोधाइतकाच जीव लागतो हे मान्य. पण श्रेयाच्या यादीत फिप्स, समर्स, हॅना, अ‍ॅना आणि बाल्मिसची पोरं कुठे आहेत? लस ज्या दंडांवरून चालत आली ते दंड कुणाचे, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. जेस्टीचा आग्रह मी सोडतो, यांचा नाही सोडत.

शिरीषफूल

हा मुद्दा पटला. जेन्नरच्या पुस्तकात निदान त्यांची नावं आणि वयं आहेत, हेही म्हणायला हवं. नाहीतर तुम्ही ती लिहू शकला नसता.

चिंचपोकळी_स्लो

बरोबर. आणि शेवटच्या टोकालाही नावं आहेत. भारतातली शेवटची रोगी सैबान बिबी, १९७५, आसामात करीमगंज. जगात नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रोगी सोमालियातला अली माओ मालिन, १९७७, इस्पितळातला स्वयंपाकी. आपल्याकडे तेव्हा देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस होतं. ८ मे १९८०ला जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

बेळगावी_कुंदा

हजार रुपयांसाठी आमच्या गल्लीत एकाने कांजिण्या झालेल्या भाच्यालाच उभं केलं होतं म्हणे. तपासायला आलेल्या बाईंनी तळहात, तळपाय बघितले आणि परत फिरल्या. देवीचे फोड तिथेही येतात, कांजिण्यांचे सहसा येत नाहीत.

खवचट_काका

मामाचा पत्ता द्या, असा उद्योजक माणूस हवाय.

बाकी पोथीशाळाबाई, टिकादारांच्या धाग्याचं कबूल केलंत, ते लक्षात आहे. आणि परळचं कुणी इथे असेल तर हाफकिनवरही होऊन जाऊ दे. प्लेगची लस त्याने मुंबईत आधी स्वतःलाच टोचून घेतली होती, तेव्हा माळ्याच्या पोराचा वाद तरी निघणार नाही.

रिकामटेकडी

काका, त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली होती. वाद तिथेच सुरू करू.